ऊसतोड व मजुराची उत्पादकता

सातारा-सांगलीकडे पतिपत्नींचा एक कोयता दिवसाकाठीं सुमारें २ टन ऊस तोडतो. मजुरी टनावर असल्यानें त्यांची कमाईही तेथेंच खुंटते. ऑस्ट्रेलियांतील क्वीन्सलंडमध्यें यंत्रावरील एक चालक शेंकडों टन तोडतो; १९८० पर्यंत तेथील हाततोडणी जवळजवळ संपली. तेथला मजूर अधिक कष्टाळू आहे काय? मुळींच नाहीं. फरक अवजार, इंधन व शेताची आंखणी यांचा आहे. आमचीं शेतें लहान, सऱ्या अरुंद. यंत्र वळण्यास जागा नाहीं. शेजाऱ्यांनीं एकाच वेळीं रुंद सरींत लागण केली, तरच यंत्र परवडेल. मात्र बीडहून येणाऱ्या तोडकऱ्यांस पुढें काम कोणतें, हा प्रश्नही आम्हीं शेतकऱ्यांनीं आपलाच मानला पाहिजे.