बारवेच्या काठी

परभणी जिल्ह्यातील सेलू तालुक्यात वालूर नावाचे गाव आहे. तेथे एक पुरातन बारव आहे. बारव म्हणजे पायऱ्यांची विहीर. वालूरच्या बारवेचा आकार वर्तुळासारखा असून तिच्या पायऱ्या चक्राकार फिरत पाण्यापर्यंत उतरतात. कित्येक वर्षे ती गाळाने भरून गेली होती. पुढे ग्रामस्थांनी श्रमदान करून ती मोकळी केली.

एकदा एका शाळेचे गुरुजी सातवीच्या मुलांना घेऊन ही बारव पाहावयास गेले. एका मुलीने विचारले, "गुरुजी, हा तर भूगोलाचा तास! मग ही इतिहासातील वस्तू आपण का पाहावयाची?"

गुरुजी हसून म्हणाले, "या बारवेत भूगोलच साठलेला आहे. आपल्या पायांखाली काय आहे, सांगा पाहू?"

"काळी माती," मुले एका सुरात म्हणाली.

"आणि तिच्या खाली?"

कोणालाच उत्तर सुचेना. तेव्हा गुरुजी सांगू लागले, "खाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. कोट्यवधी वर्षांपूर्वी लाव्हारस थंड होऊन हा पाषाण बनला. तो झिजून काळी माती झाली. पावसाने ही माती फुगते, तिच्या भेगा मिटतात, आणि मग पाणी फार सावकाश मुरते. जोराचा पाऊस झाला, तर ते मातीसह दुधनेत, दुधनेतून पूर्णेत व पूर्णेतून गोदावरीत निघून जाते. जे मुरते, ते मुरुमात आणि खडकाच्या फटींत साठते. विहिरींना मिळते ते तेवढेच."

एक मुलगा म्हणाला, "पण गुरुजी, आमच्या शेतात बोअर आहे. तिला खोलवरचे पाणी लागते. मग विहिरींची काळजी कशाला?"

"तुमच्या शेजाऱ्यांच्या विहिरीला पाणी असते ना?"

"पूर्वी असे. आता ती चैत्रातच आटते," असे म्हणून मुलगा एकदम थांबला.

गुरुजी शांतपणे म्हणाले, "कणगी कितीही खोल असली, तरी भरण्याहून अधिक धान्य काढले, तर ती रिकामीच होणार. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातील माणसे खडी फोडून आणि पाझर तलाव खोदून जगली. २०१६ साली शेजारच्या लातूर शहराला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. पाऊस पाडणे आपल्या हाती नाही. पडलेला पाऊस जिरवणे मात्र आहे."

दुसऱ्या दिवशी मुलांनी शाळेचे छप्पर मोजले. ते २० मीटर लांब व ६ मीटर रुंद भरले. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, की एक लिटर पाणी होते. मुलांनी हिशेब केला: ५० मिलिमीटर पावसात त्या छपरावर ६,००० लिटर पाणी पडेल! आजवर ते सारे पटांगणातून ओढ्याला वाहून जात असे.

मुलांनी गुरुजींच्या मदतीने एक शोषखड्डा खणला, त्यात दगडगोटे व वाळू भरली आणि छपराचे पाणी तिकडे वळवले. बोअर असलेल्या मुलाने घरी जाऊन वडिलांना सारे सांगितले. त्या वर्षी त्यांनी उताराला आडवी पेरणी केली आणि बांधही नीट केला.

मृगाचा पाऊस आला. छपरावरून आलेले पाणी खड्ड्यात उतरताना मुले पावसात उभी राहून पाहत होती. पटांगणातून ओढ्याकडे जाणारा लोट त्या दिवशी पुष्कळच बारीक झाला होता.

शब्दार्थ : पुरातन – फार जुने, पाषाण – दगड, कणगी – धान्य साठवण्याचे बांबूचे मोठे पात्र, मृग – पावसाळ्याच्या आरंभीचे नक्षत्र.

स्वाध्याय
१. काळ्या मातीत पाणी सावकाश का मुरते?
२. बोअरविषयी बोलता बोलता मुलगा एकदम का थांबला?
३. 'पडलेला पाऊस जिरवणे मात्र आहे' असे गुरुजी का म्हणाले?
४. आपल्या घराचे छप्पर मोजा व १० मिलिमीटर पावसात त्यावर किती पाणी पडेल, ते काढा.