शनीची चाल आणि तारांगणाचे यंत्र

आपल्या तुंगार्लीत पावसाळ्याचे चार महिने तारे दिसत नाहीत, आणि एरवी लोणावळ्याच्या दिव्यांपुढे अंधुक तारे टिकत नाहीत. तारांगणात मात्र भर दिवसा रात्र होते. पुण्यात टिळक रस्त्यावरील न्यू इंग्लिश स्कूलमध्ये १९५४ साली तारांगण सुरू झाले, तर मुंबईत वरळीचे नेहरू तारांगण १९७७ साली.

पुण्याच्या स्पिट्झ यंत्राची युक्ती साधी आहे. पोकळ गोळ्याच्या मध्यभागी बारीक दिवा आणि कवचाला भोके. व्याधासारख्या ठळक ताऱ्यासाठी मोठे भोक, अंधुक ताऱ्यासाठी सुईच्या टोकाएवढे. गोळा फिरला की घुमटावर तारे उगवतात, मावळतात. गोळ्याच्या अक्षाचा कल गावाच्या अक्षांशाइतका ठेवतात. आपल्याकडे तो सुमारे १९ अंश, म्हणून ध्रुवताराही क्षितिजापासून तेवढाच वर. कल साडेसत्तावीस अंश केला की लुंबिनीचे आकाश!

जर्मनीतील झाइस कंपनीच्या वाल्टर बाउअर्सफेल्ड यांनी १९२३ मध्ये केलेल्या यंत्रात भिंगे होती. त्यातून सुमारे साडेचार हजार तारे रेखीव दिसत. नेहरू तारांगणातही आधी झाइसचेच यंत्र होते. २००३ मध्ये तेथे डिजिटल यंत्र आले.

ग्रहांना नुसती भोके पाडून भागत नाही, कारण ते ताऱ्यांमधून सरकतात. झाइसच्या यंत्रात प्रत्येक ग्रहाला स्वतंत्र दिवा आणि दातेरी चाके. एक चाक पृथ्वीला वर्षात एक फेरा देते, दुसरे शनीला साडेएकोणतीस वर्षांत. दोघांना एक दांडी जोडते. ती रोखेल तिकडे घुमटावर शनी. पृथ्वी शनीला मागे टाकते तेव्हा दांडी काही महिने उलटी वळते. यालाच पंचांगात शनी वक्री झाला म्हणतात. शनीचे चाक मात्र सुलटेच फिरत असते. आपल्या लोकलने मालगाडीला मागे टाकले की मालगाडी उलटी जाताना दिसते, तसेच हे.

साडेएकोणतीस वर्षांना बारा राशींनी भागा. एका राशीत सुमारे अडीच वर्षे, तीन राशींत साडेसात. साडेसाती ती हीच. धम्मदीक्षा घेतलेल्या काही घरांतही अजून शनिवारी तेल वाहतात आणि मुलीच्या पत्रिकेत मंगळ निघाला म्हणून ठरत आलेले स्थळ मोडतात. मुलीचे यात काय चुकले? मंगळाची जोडणीही शनीसारखीच आहे, फक्त त्याचा फेरा ६८७ दिवसांचा.