'प्लकी' : शाबासकीचा शब्द, पण जरा जपून!

यंदा फायनल इयरच्या मुलांचे बायोडेटा नजरेखालून घालताना दोन ठिकाणी 'आय अ‍ॅम अ प्लकी पर्सन' असं वाक्य सापडलं. विचारलं तर म्हणे, शब्दांच्या यादीत 'प्लकी म्हणजे शूर, धाडसी' असं दिलंय. अर्थ बरोबर आहे हो! पण तो शब्द कोणी कोणाला म्हणायचा, हे यादी सांगत नाही.

मूळ शब्द खाटकाकडचा. 'प्लक' म्हणजे उपटणे. कापलेल्या जनावरातून उपटून काढलेलं हृदय, काळीज, फुप्फुसं, तेही 'प्लक'च. अठराव्या शतकात याच शब्दाला 'हिंमत' हा अर्थ आला. आपणही 'वाघाचं काळीज' म्हणतोच की! 'गट्स'चंही तेच, मूळ अर्थ आतडी. (जाता जाता : एकोणिसाव्या शतकात ऑक्सफर्डला परीक्षेत नापास झालेल्याला 'प्लक्ड' म्हणत. म्हणजे हिंमत आणि केटी एकाच घरातली!)

आता वापर बघा. १९८८ च्या कॅलगरी हिवाळी ऑलिम्पिकमध्ये ब्रिटनचा एडी एडवर्ड्स स्की-जम्पिंगला उतरला. धंद्याने गिलावा करणारा माणूस, डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा, त्यावर गॉगल, आणि आत वाफ धरलेली. सत्तर मीटर आणि नव्वद मीटर, दोन्ही प्रकारांत शेवटचा आला. तरी गडी हसतमुख! लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. याला म्हणायचं 'प्लकी'. त्याच दोन्ही प्रकारांत सुवर्णपदक जिंकलेल्या फिनलंडच्या मॅटी नुकानेनला मात्र कोणी 'प्लकी' म्हणणार नाही. जिंकणारच होता तो!

म्हणजे समोरचं संकट मोठं हवं, माणूस लहान हवा, आणि उत्साह दांडगा हवा. 'प्लकी लिटल' ही जोडी इंग्रजीत वारंवार दिसते ती यामुळेच. आंतर-वसतिगृह फायनलच्या बातमीत 'अवर प्लकी टीम' लिहिलंत, की वाचणारा मनात म्हणतो, हरलेले दिसतात!

२००२ साली अँटिग्वा कसोटीत मोडलेल्या जबड्याला बँडेज गुंडाळून अनिल कुंबळेने सलग १४ षटकं टाकली, लाराची विकेटही काढली. तिथे माझ्या मते 'ब्रेव्ह' किंवा 'करेजस'च हवं. 'प्लकी'ने ते कौतुक उणं पडतं.

मराठीत याला सगळ्यात जवळचा शब्द मला वाटतो 'पठ्ठ्या'. 'शाबास रे पठ्ठ्या' हे मोठ्याने धाकट्याला म्हणायचं. एचओडी सरांना म्हणून बघा बरं! आणि 'मी पठ्ठ्या आहे' असं स्वतःच सांगत सुटलात तर समोरचा हसणारच. इंटरव्ह्यूत नेमकं तेच होतं.

तेव्हा बायोडेटात ते वाक्य खोडा. त्याऐवजी बंद पडलेलं प्रोजेक्ट तुम्ही कसं उभं केलंत, ते दोन ओळींत लिहा. 'प्लकी' हा शब्द सरांना रेकमेंडेशन लेटरमध्ये लिहू द्या. त्यांच्या पेनातून तो शोभतो.