लेसोथोतील पाहुणा शिक्षक

आफ्रिकेचा नकाशा उघडून त्याच्या दक्षिण टोकाकडे पाहा. दक्षिण आफ्रिका या विस्तीर्ण देशाच्या पोटात, चोहोबाजूंनी त्याच देशाने वेढलेला, एक लहानसा ठिपका दिसेल. तो दक्षिण आफ्रिकेचा प्रांत नसून लेसोथो नावाचे स्वतंत्र राज्य आहे. क्षेत्रफळ सुमारे ३०,००० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या गोव्याच्या आठपट; लोकवस्ती मात्र तेवीस लाखांच्या आसपास. देश सगळा डोंगराळ. त्यातील सर्वांत सखल जागादेखील समुद्रसपाटीपासून सुमारे १,४०० मीटर उंच आहे. थंड हवेचे ठिकाण म्हणून आपण नावाजतो ते महाबळेश्वर साधारण याच उंचीवर आहे. तेथील सर्वोच्च शिखर थाबाना न्त्लेन्याना ३,४८२ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दुपटीहून उंच. देश विषुववृत्ताच्या दक्षिणेस असल्यामुळे, आपल्याकडे आषाढसरी कोसळत असतात तेव्हा तेथे ऐन हिवाळा असतो आणि डोंगरमाथे बर्फाने पांढरे होतात.

तेथील लोक ते बासोथो, त्यांतील एक माणूस तो मोसोथो आणि त्यांची भाषा ती सेसोथो. मूळ शब्द एकच. पुढे लागणाऱ्या उपसर्गाने देश, लोक, व्यक्ती आणि भाषा असा अर्थभेद होतो. मोश्वेश्वे नावाच्या मुत्सद्दी राजाने विखुरलेल्या टोळ्यांना एकत्र आणून हे राष्ट्र घडविले. बोअर वसाहतवाल्यांशी झालेल्या युद्धांत भूमी हातची जाऊ लागली तेव्हा १८६८ मध्ये त्याने ब्रिटिशांचे संरक्षण पत्करले. पुढे ४ ऑक्टोबर १९६६ रोजी देश स्वतंत्र झाला.

स्वतंत्र झालेल्या अनेक देशांना त्या काळी शिक्षक, परिचारिका, शेतीतज्ज्ञ यांची निकड होती. अशा ठिकाणी जाऊन, केवळ निर्वाहापुरते वेतन घेऊन काम करावे, या हेतूने काही संस्था निघाल्या. इंग्लंडमध्ये १९५८ मध्ये अशी एक संस्था स्थापन झाली. अमेरिकेत १९६१ मध्ये ‘पीस कोअर’ निघाले आणि त्याचे स्वयंसेवक १९६७ पासून लेसोथोत येऊ लागले. संयुक्त राष्ट्रसंघाने १९७० मध्ये स्वतःचे स्वयंसेवक दल उभारले. असा एखादा तरुण पदवीधर गणित किंवा इंग्रजी शिकविण्यासाठी डोंगरातल्या एका खेड्यात दोन वर्षे राहावयास येतो. त्याचा दिनक्रम कसा असतो, तो तेथे काय देतो आणि काय घेतो, हे आज आपण पाहू.

आधी नमस्कार, मग काम

पीस कोअरचा स्वयंसेवक शाळेत पाऊल टाकण्यापूर्वी सुमारे अडीच-तीन महिने एका बासोथो कुटुंबात राहून भाषा व रीतिरिवाज शिकतो. पहिला धडा नमस्काराचा. ‘दुमेला’ म्हणजे नमस्कार. लेसोथोत तो शब्द लिहिताना ‘लुमेला’ असा लिहितात, कारण तेथील लेखनपद्धतीत ‘ल’पुढे इकार किंवा उकार आला की त्याचा उच्चार ‘द’ होतो. पण नुसते ‘दुमेला’ म्हणणे अपुरे. वडीलधाऱ्या पुरुषास ‘न्ताते’, म्हणजे बाबा, आणि स्त्रीस ‘म्मे’, म्हणजे आई, असे संबोधून नमस्कार पुरा करावयाचा. मग विचारावयाचे, ‘ले काए?’ याचा शब्दशः अर्थ ‘तुम्ही कोठे आहात?’ समोरचा उत्तर देतो, ‘रे तेंग’, म्हणजे ‘आम्ही आहोत.’ माणूस एकटा असला तरी आदरार्थी बहुवचन वापरतात. आपल्या मराठीस हे काही नवे नाही.

घाईच्या देशातून आलेल्या तरुणाला प्रथम हा सारा वेळेचा अपव्यय वाटतो. दुकानात शिरून तो मेणबत्तीची किंमत विचारतो आणि दुकानदारीण गप्प राहते. मग त्याच्या ध्यानी येते की तिला नमस्कारच केलेला नाही. माणसाला माणूस म्हणून ओळखल्यावाचून व्यवहाराला आरंभ होत नाही, हा तेथील नियम. पहिल्या महिन्यात गावची लहान मुले त्याला ‘लेखोआ’, म्हणजे गोरा परदेशी, अशी हाक मारतात. पुढे त्याचे यजमान त्याला सेसोथो नाव देतात: थाबो म्हणजे आनंद, म्फो म्हणजे देणगी, मुलगी असेल तर पालेसा म्हणजे फूल. ज्या दिवशी पोरे ‘लेखोआ’ सोडून ‘न्ताते थाबो’ म्हणू लागतात, त्या दिवशी तो गावात खऱ्या अर्थाने आला असे समजावे.

गावात आल्यावर प्रथम गावप्रमुखाची, ‘मोरेना’ची, भेट घ्यावी लागते. कित्येकदा ‘पित्सो’, म्हणजे गावसभा, भरते आणि पाहुण्याची सर्वांना ओळख करून दिली जाते. तेथे त्याने सेसोथोत दोन वाक्ये बोलावीत अशी अपेक्षा असते. ती अडखळत बोलली तरी लोक संतोष पावतात.

घर, अन्न, पाणी

राहण्यास बहुधा दगडी भिंतींची, गवताने शाकारलेली एक वाटोळी झोपडी मिळते. मातीच्या गिलाव्यावर तेथील स्त्रिया बोटांनी सुंदर नक्षी उमटवितात. तिला ‘लितेमा’ म्हणतात. सारवलेल्या अंगणात रांगोळी काढणाऱ्या आपल्या आयाबहिणींना हे काम पाहताच ओळखीचे वाटेल. डोंगरात झाडे विरळ, त्यामुळे सरपण दुर्मिळ. म्हणून वाळविलेले शेण जाळतात. आपल्या गोवऱ्यांचाच हा प्रकार.

मुख्य अन्न ‘पापा’. मक्याचे पीठ उकळत्या पाण्यात वैरून, घोटून घोटून केलेली ती घट्ट उकड असते. तिच्याबरोबर ‘मोरोहो’, म्हणजे बारीक चिरून शिजविलेली पालेभाजी. हीच मक्याची उकड झिंबाब्वेत ‘साद्झा’ आणि मलावीत ‘न्सिमा’ या नावाने खातात. म्हणजे दक्षिण आफ्रिका खंडात प्रवास करणाऱ्याला भाषा बदलली तरी ताट फारसे बदललेले दिसत नाही. थंडीत पुरुष आणि स्त्रिया लोकरीचे रंगीत ब्लँकेट अंगावर घेऊन मोठ्या पिनेने अडकवितात. आपल्या धनगराला घोंगडी, तसे बासोथोला ते ब्लँकेट.

पाण्याची कथा मात्र विचार करावयास लावणारी आहे. लेसोथो पाण्याने समृद्ध आहे. दक्षिण आफ्रिकेशी १९८६ मध्ये झालेल्या करारानुसार तेथे मोठी जलयोजना उभी राहिली. तिच्यातील कात्से धरणाची भिंत १८५ मीटर उंच आहे. बोगद्यांतून हे पाणी जोहान्सबर्गच्या परिसरातील शहरांना आणि कारखान्यांना जाते आणि त्याचे मोल लेसोथोच्या तिजोरीत पडते. तरीही डोंगरातील कितीतरी वस्त्यांत मुली आणि बायका झऱ्यावरून डोक्यावर बादल्या वाहून पाणी आणतात. स्वयंसेवक पहिल्या दिवशी ऐटीत बादली उचलतो आणि निम्मे पाणी वाटेत सांडतो. दहा वर्षांची शेजारीण थेंबही न सांडता त्याच्या पुढे निघून जाते. तिच्या दिवसाचा केवढा भाग या वाटेवर खर्च होतो हे त्याला तेव्हा उमजते. दुसऱ्या दिवशी ती वर्गात पेंगते तेव्हा तिला आळशी म्हणण्याचे धैर्य त्याला होत नाही.

वर्ग आणि वाट

शाळेची सकाळ गाण्याने सुरू होते. वाद्य एकही नसते. मुले आपापल्या आवाजाप्रमाणे वेगवेगळ्या पट्टीत गातात आणि ते सूर एकमेकांत मिसळून जातात. वर्गात मात्र शांतता असते. प्राथमिक शाळेची पहिली काही वर्षे सेसोथोत शिकून पुढे मुलांना इंग्रजी माध्यमाकडे वळावे लागते. ‘समजले का?’ असे विचारले की सारा वर्ग एका सुरात ‘होय’ म्हणतो. या ‘होय’चा अर्थ ‘समजले’ असाच असतो असे नाही. पुष्कळदा त्याचा अर्थ ‘आम्ही आपला मान राखतो’ एवढाच असतो. घरी कोंकणी बोलून शाळेत मराठीत उत्तरे देणाऱ्या आमच्यासारख्यांना तो ‘होय’ चांगला ठाऊक आहे. अशा वेळी शेजारच्या वर्गातील बासोथो शिक्षिका येते, तेच उदाहरण सेसोथोत दोन वाक्यांत मांडते आणि मुलांचे चेहरे उजळतात. आपल्याला गणित येते, पण या मुलांना गणित शिकविणे तिला येते, हे त्या पदवीधराला निमूटपणे मान्य करावे लागते.

या मुलांच्या घरी काय असते? १९८०-९० च्या सुमारास लेसोथोतील एक लाखाहून अधिक पुरुष दक्षिण आफ्रिकेच्या खाणींत मजुरी करीत होते. नंतर ती कामे झपाट्याने घटली. त्यातच एचआयव्हीच्या साथीने देश होरपळला. प्रौढांपैकी सुमारे पाचातील एकास ही बाधा आहे. औषधोपचाराने आता पुष्कळांचे आयुष्य वाढले असले, तरी अनेक मुले आजीच्या आधाराने वाढली. कित्येक मुलगे लहानपणीच मेंढरांमागे डोंगरात जातात. २००० सालापासून प्राथमिक शिक्षण टप्प्याटप्प्याने मोफत झाले आणि २०१० च्या कायद्याने ते सक्तीचे झाले. पण मेंढरे राखणाऱ्या मुलासाठी शाळेची वाट अजूनही लांबच आहे.

सुटीच्या दिवशी स्वयंसेवक प्रवासी होतो. लहान मोटारगाडी ठरलेल्या वेळी न सुटता भरली म्हणजे सुटते. तास दोन तास थांबावे लागले तरी कोणी कुरकुरत नाही. मांडीवर दुसऱ्याचे मूल, पायाशी कोणाची कोंबडी, असा तो प्रवास. सेमोन्कोंगजवळ मालेत्सुन्याने नदी १९२ मीटर खोल दरीत एकाच झेपेत कोसळते; पूर्व सीमेवरील सानी घाट सुमारे २,८७५ मीटर उंचीवर पोहोचतो. ही शोभा पाहण्यास परदेशी प्रवासी येतात, छायाचित्रे घेतात, गाडीतून मुलांकडे गोळ्या फेकतात आणि सायंकाळी परततात. त्यामुळे परदेशी माणूस दिसला की हात पसरावा, हे त्या मुलांना शिकविले जाते. प्रवासी निघून जातो, पण त्याने लावलेली सवय निस्तरणे गावच्या शिक्षकांच्या वाट्याला येते.

मागे काय राहते?

हाच प्रश्न स्वयंसेवकालाही टळत नाही. दोन वर्षे सरली की तोही जाणार. त्याने एकट्याने चालविलेला वर्ग त्याच्याबरोबर बंद पडला, तर मुलांचा एक शिक्षक हरपला एवढेच त्या मदतीचे फळ.

येथे लेसोथोच्याच इतिहासातील एक दाखला आठवतो. १८३३ मध्ये पॅरिसहून तीन मिशनरी मोश्वेश्वेकडे आले. त्यांचा हेतू धर्मप्रसाराचा होता आणि त्याविषयी मतभेद असू शकतील. परंतु त्यांनी लोकांची भाषा शिकून घेतली आणि तिला लिपीत बसविले. मोरिजा येथे छापखाना उभा राहिला आणि १८६३ मध्ये ‘लेसेलिन्याना’, म्हणजे ‘छोटा प्रकाश’, हे सेसोथो वृत्तपत्र निघाले. त्याच मोरिजात बासोथो लेखक थॉमस मोफोलो यांची ‘चाका’ ही कादंबरी १९२५ मध्ये प्रसिद्ध झाली. पाहुणे गेले, भाषा पुस्तकांत राहिली, आणि त्या भाषेचे धनी आपल्या लेखणीने लिहू लागले.

तेव्हा शहाणा स्वयंसेवक पहिल्या वर्षीच स्थानिक शिक्षिकेचा जोडीदार होतो. ग्रंथालय उभारायचे तर किल्ली तिच्याकडे, बाग करायची तर बियाणे निवडणे गावाकडे. त्याचे स्वतःचे नाव कोठे लागत नाही आणि तेच योग्य असते. त्याच्या पश्चात वर्ग चालू राहिला, तर त्याची दोन वर्षे सार्थकी लागली.

मुलांनो, यासाठी समुद्र ओलांडलाच पाहिजे असे नाही. आपल्या वर्गात वडिलांच्या कामाधंद्यामुळे परप्रांतातून आलेले मूल असते. त्याला मराठी शिकविण्यापूर्वी त्याच्या भाषेतील नमस्कार आपण शिकलो आहोत काय, हे प्रत्येकाने, आणि प्रथम आम्हा शिक्षकांनी, स्वतःला विचारावे.

निरोपाच्या दिवशी गाव गोळा होते. म्हातारी यजमानीण पाहुण्याच्या खांद्यांवर ब्लँकेट घालते. जाणारा म्हणतो, ‘साला हांत्ले’, म्हणजे ‘सुखाने राहा.’ राहणारे म्हणतात, ‘त्सामाया हांत्ले’, म्हणजे ‘सुखाने जा.’ आपण निरोप घेताना ‘जातो’ असे न म्हणता ‘येतो’ म्हणतो. पुन्हा येणे त्याच्या हाती असेलच असे नाही. पण दोन वर्षांपूर्वी ज्या दुकानदारिणीला नमस्कार करावयास तो विसरला होता, तिला वाटेत थांबून, ‘दुमेला, म्मे’ असे म्हटल्यावाचून तो गाडीत बसत नाही.