दोर, कप्पी आणि संयम

प्रस्तावना

विहिरीतून पाणी शेंदताना कठड्याशी वाकून, नुसत्या हातांनी पोहरा वर ओढला तर कंबर भरून येते. तोच पोहरा रहाटावरून ओढला तर काम हलके वाटते. पोहऱ्याचे वजन मात्र दोन्ही वेळा सारखेच असते. मग बदलते काय? या साध्या प्रश्नाच्या उत्तरातून माणसाने अनेक अवजड कामे सोपी केली. वेगवान नदीत खडकाला अडकलेली नाव सोडवण्याचे काम त्यांपैकीच एक आहे.

आपल्या देशात गंगेच्या कौडियाला ते ऋषिकेश या पट्ट्यात हवा भरलेल्या रबरी नावांतून, म्हणजे राफ्टमधून, खळाळत्या पाण्यातला प्रवास मोठ्या प्रमाणावर चालतो. महाराष्ट्रात कोलाडजवळ कुंडलिका नदीवरही असा प्रवास करता येतो. हा पाठ माहितीपर आहे. एखादी कृती क्रमाने, नेमक्या शब्दांत कशी सांगावी, हेही आपण त्यातून शिकणार आहोत.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्ही –
• स्थिर कप्पी आणि चल कप्पी यांतील फरक सांगू शकाल;
• कप्पीमुळे काय मिळते आणि त्याची काय किंमत मोजावी लागते, हे स्पष्ट करू शकाल;
• बचावकार्यात माणसाचा क्रम वस्तूच्या आधी का, हे पटवून देऊ शकाल;
• एखादी प्रक्रिया योग्य क्रमाने लिहू शकाल.

मूळ पाठ

पाण्याचा जोर

कल्पना करा, सहा-सात माणसांची एक राफ्ट खळाळातून जात असताना आडवी होऊन खडकावर आदळते. अशा वेळी घाबरलेली माणसे स्वाभाविकपणे खडकापासून दूर सरकतात. पण नेमके तेच चुकते. राफ्टची प्रवाहाकडील कड त्यांच्या भाराने खाली दबते, तिच्यावरून पाणी आत शिरते आणि राफ्ट खडकाला मिठी मारल्यासारखी घडी होऊन बसते. म्हणूनच जाणता नाविक अशा क्षणी सर्वांना खडकाच्या बाजूला सरकायला सांगतो.

राफ्ट एकदा अशी अडकली की ती हाताने हलत नाही. सेकंदाला ३ मीटर वेगाने वाहणारे पाणी त्याच्यासमोर आडव्या धरलेल्या १ चौरस मीटर पृष्ठभागावर सुमारे ४५० किलो वजनाइतका दाब देते. वेग निम्मा झाला तर हा दाब निम्म्यावर न थांबता चौथ्या हिश्शावर येतो आणि वेग दुप्पट झाला तर तो चौपट होतो. पाण्याशी झुंजण्यापूर्वी हे गणित ध्यानात ठेवले पाहिजे.

आधी माणूस, मग नाव

राफ्ट अडकताच दोर बांधायला धावणे हे पहिले काम नव्हे. सर्व माणसे मोजणे, हे पहिले काम. कोणी पाण्यात आहे का, कोणाचा पाय दोरात किंवा राफ्टखाली अडकला आहे का, हे आधी पाहायचे. मदतीचा क्रमही ठरलेला आहे. शक्य असेल तर काठावरूनच हात किंवा वल्हे पुढे करावे. ते पोहोचत नसेल तर दोर फेकावा. तेही जमत नसेल तर दुसरी नाव न्यावी. आणि स्वतः पाण्यात उतरणे हा अगदी शेवटचा उपाय समजावा. वाचवायला गेलेलाच बुडू लागला तर वाचवायची माणसे दोन होतात.

सगळी माणसे सुखरूप काठावर आली की मगच राफ्टचा विचार करायचा. तोपर्यंत एक जण प्रवाहाच्या वरच्या अंगाला उभा राहून मागून येणाऱ्या नावांना थांबवतो. दुसरा खालच्या अंगाला फेकण्याचा दोर घेऊन सज्ज राहतो, कारण ओढताना कोणी पाण्यात पडले तर त्याला तेथेच अडवावे लागते.

एक कप्पी, दोन कप्प्या

आता रहाटाकडे परत येऊ. रहाट ही स्थिर कप्पी आहे. ती जागची हलत नाही. ती आपले बळ वाढवत नाही, फक्त त्याची दिशा बदलते. वर ओढण्याऐवजी आपण खाली ओढतो, आपल्या शरीराचे वजन कामी येते, म्हणून काम सोपे वाटते.

कप्पी ओझ्याला बांधली आणि ओझ्याबरोबर तीही सरकू लागली, तर ती चल कप्पी होते. तिच्या दोन्ही बाजूंचे दोर ओझे ओढतात, त्यामुळे आपल्याला निम्मेच बळ लावावे लागते. मात्र निसर्ग फुकट काही देत नाही. ओझे १ मीटर सरकवायचे तर दोर २ मीटर ओढावा लागतो. बळात जे वाचते ते अंतरात मोजावे लागते.

नदीकाठी जी रचना सर्वाधिक वापरतात, तीत एक स्थिर आणि एक चल कप्पी असते. तिची मांडणी अशी :

प्रथम काठावरच्या भक्कम आधाराला पहिली कप्पी बांधतात. राफ्टकडून आलेला दोर तिच्यातून ओवून पुन्हा नदीच्या दिशेने वळवतात. नंतर राफ्टकडून येणाऱ्या ताठ दोरावर बारीक दोरीच्या फासाची एक विशिष्ट गाठ बसवतात आणि त्या गाठीला दुसरी कप्पी अडकवतात. वळवलेला दोर या दुसऱ्या कप्पीतून ओवून परत काठाकडे आणतात. हेच टोक धरून माणसे ओढतात. वरून पाहिले तर दोराचा आकार इंग्रजी ‘झेड’ अक्षरासारखा दिसतो, म्हणून हिला झेड-रचना म्हणतात. गाठीच्या जागी तीन ताण एकत्र येतात. त्यामुळे आपले बळ तिप्पट होते आणि राफ्ट १ मीटर सरकण्यासाठी ३ मीटर दोर ओढावा लागतो.

वरील गाठ प्रुसिक गाठ म्हणून ओळखली जाते. कार्ल प्रुसिक या ऑस्ट्रियन गिर्यारोहकाने ती १९३१ मध्ये प्रसिद्ध केली. दोर सैल असताना ती सरकवता येते आणि ताण पडताच ती दोराला घट्ट धरते. अशीच दुसरी गाठ काठावरच्या कप्पीजवळ बसवतात. ओढता ओढता चल कप्पी स्थिर कप्पीपाशी येऊन ठेपली, की ही दुसरी गाठ दोर धरून ठेवते. तेवढ्यात पहिली गाठ पुन्हा राफ्टकडे सरकवून नव्याने ओढायला सुरुवात करता येते.

कागदावरचे तिप्पट

समजा, चार माणसांनी प्रत्येकी २५ किलोचा जोर लावला, तर एकूण १०० किलो झाले. झेड-रचनेने त्याचे ३०० किलो व्हावेत. परंतु घर्षण आपला वाटा घेते. चांगली कप्पी १०० पैकी ९० भाग ताण पुढे पोहोचवते असे धरले, तर हाती सुमारे २७० किलो येतात. कप्पीच नसेल आणि दोर नुसत्या कॅराबिनरमधून, म्हणजे गिर्यारोहकांच्या उघड-मीट करता येणाऱ्या कडीतून ओवला, तर घर्षण फार वाढते. ती कडी १०० पैकी ६० भागच पोहोचवते असे धरल्यास ३०० चे जेमतेम १९६ किलो उरतात. तिप्पट म्हणवणारी रचना प्रत्यक्षात दुप्पटही भरत नाही.

म्हणजे ४५० किलोच्या दाबापुढे चांगल्या कप्प्या असूनही आपण उणेच पडतो. अशा वेळी आणखी माणसे जोडण्याआधी थांबून विचार करणे श्रेयस्कर. ओढण्याची दिशा बदलून पाहावी. प्रवाहाच्या थेट विरुद्ध ओढण्यापेक्षा राफ्ट ज्या बाजूने खडकावरून घसरू शकेल, त्या बाजूने ओढणे अधिक उपयोगी पडते. राफ्टच्या एका कप्प्यातील हवा सोडली तर पाण्यासमोरचा पृष्ठभाग कमी होतो. कोलाडला कुंडलिकेतील पाणी भिरा येथील जलविद्युत केंद्रातून ठरावीक वेळी सोडले जाते. अशा नदीत सर्व माणसे काठावर सुरक्षित असतील, तर पाणी उतरण्याची वाट पाहणे हाही शहाणपणाचा उपाय ठरतो.

आणखी एक युक्ती आहे. दोन टोकांना घट्ट बांधलेला १० मीटर लांबीचा ताठ दोर मधोमध धरून आडवा ओढला आणि तो अर्धा मीटर सरकला, तर दोरातला ताण आपल्या बळाच्या सुमारे पाचपट होतो. अडकलेली राफ्ट किंचित हलवायला एवढे कधी कधी पुरते. मात्र तोच पाचपट ताण आधारावर आणि प्रत्येक गाठीवरही येतो, हे विसरता कामा नये.

बळाबरोबर धोकाही वाढतो

या पाठाचे सार येथे आहे. कप्पी बळ वाढवते तेव्हा ती चांगले-वाईट निवडत नाही. ज्या बळाने राफ्ट ओढली जाते, त्याच बळाने झाड उपटले जाऊ शकते, राफ्टची कडी उखडू शकते आणि दोर तुटू शकतो. म्हणून आधारासाठी जिवंत, जाड बुंध्याचे झाड किंवा न हलणारा खडक निवडावा. खडकाची धार दोराला लागत असेल तर मध्ये जाड कापड घालावे. दोन आधारांवर भार विभागताना त्यांच्यातील कोन लहान ठेवावा. कोन १२० अंशांचा झाला तर प्रत्येक आधारावर पूर्ण भार येतो आणि विभागण्याचा उपयोगच राहत नाही. राफ्टकडेही एकाच कडीला दोर न बांधता दोन-तीन कड्यांत ताण वाटून द्यावा.

ताणाखाली लांबणारा नायलॉनचा दोर रबरासारखे बळ साठवतो आणि तुटला तर चाबकासारखा उलटतो. म्हणून ओढकामासाठी कमी लांबणारा दोर घ्यावा. ताठ दोराच्या रेषेत किंवा वळलेल्या दोराच्या कोनात कोणी उभे राहू नये. दोरावर मध्यभागी एखादे जाकीट अडकवून ठेवावे; दोर तुटलाच तर त्याच्या वजनाने फटका मंदावतो. दोर कधीही कमरेला बांधू नये, हाताला गुंडाळू नये. आणि चाकू हाताशी असावा, कारण काही वेळा दोर कापणे हाच बचाव असतो.

शेवटी एक गोष्ट भाषेची. खळाळाच्या आवाजात मराठीतले ‘ओढा’ आणि ‘सोडा’ हे दोन शब्द कानाला किती सारखे वाटतील, याचा विचार करा. एकाच्या जागी दुसरा ऐकू आला तर अनर्थ होईल. म्हणून हुकूम देणारा एकच असावा, आणि हाताच्या खुणा व शिट्टीचे संकेत आधी ठरवून, सर्वांकडून वदवून घेतलेले असावेत.

नदीशी बळाने कोणी जिंकत नाही. दोर आणि कप्पी हाती आली म्हणून आपण बलवान झालो असे नाही; आपल्याला विचार करायला थोडी उसंत मिळाली, इतकेच. पाठ वाचून हे काम येत नाही, ते जाणत्या प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली, शांत पाण्यावर पुन्हा पुन्हा करूनच अंगवळणी पडते.

पाठगत प्रश्न

योग्य पर्याय निवडा.
१. स्थिर कप्पीमुळे – (अ) बळ दुप्पट होते (आ) बळाची दिशा बदलते (इ) ओझे कमी होते
२. पाण्याचा वेग दुप्पट झाल्यास त्याचा दाब – (अ) दुप्पट होतो (आ) तिप्पट होतो (इ) चौपट होतो
३. राफ्ट अडकल्यावर पहिले काम – (अ) माणसे मोजणे (आ) दोर बांधणे (इ) हवा सोडणे

भाषाभ्यास

‘प्रथम’, ‘नंतर’, ‘तोपर्यंत’, ‘मगच’ हे शब्द कृतींचा क्रम दाखवतात. ‘सगळी माणसे सुखरूप काठावर आली की मगच राफ्टचा विचार करायचा’ या वाक्यातील ‘मगच’ हा शब्द काढून वाक्य पुन्हा वाचा. अर्थातला आग्रह कसा कमी होतो, ते पाहा. आता तुमच्या व्यवसायातील किंवा घरातील एखादी कृती हे चारही शब्द वापरून आठ-दहा ओळींत लिहा.

तुम्ही काय शिकलात?

• चल कप्पीमुळे बळ वाचते, पण दोर अधिक ओढावा लागतो.
• घर्षणामुळे प्रत्यक्ष लाभ गणितापेक्षा कमी मिळतो.
• वाढलेला ताण आधार, गाठी आणि दोर या सर्वांवर येतो.
• माणूस आधी, वस्तू नंतर.

पाठान्त प्रश्न

१. झेड-रचनेची मांडणी क्रमाने तुमच्या शब्दांत लिहा.
२. ‘थांबणे हेही बचावकार्यच आहे’, हे विधान पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
३. तुमच्या परिसरात कप्पी कोठे कोठे वापरली जाते, ते पाहा. ती स्थिर आहे की चल, हे कारणासह लिहा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (आ) २. (इ) ३. (अ)