एकटं राहण्याची भीती आणि कुत्र्याच्या गोळ्या

नैराश्यावरची गोळी कुत्र्यासाठी लिहून दिली की पालकांचे चेहरे उतरतात. ‘म्हणजे आमचा शेरू वेडा झालाय का?’ हा प्रश्न ठरलेला. याउलट काही जणांनी घरातल्या कुणाच्या तरी औषधातली अर्धी गोळी आधीच देऊन पाहिलेली असते. दोघांनाही माझं सांगणं एकच आहे. ही औषधं उपयोगी आहेत, पण ती कुत्र्याला काही शिकवत नाहीत. ती भीती कमी करतात, म्हणजे मग तुम्ही शिकवलेलं त्याच्या डोक्यात शिरतं.

सगळ्यात जास्त दिसणारी तक्रार एकटेपणाच्या भीतीची. घरातले सगळे कामावर, कुत्रा दिवसभर फ्लॅटमध्ये एकटा आणि संध्याकाळी शेजाऱ्यांची तक्रार. अशा वेळी मी आधी कुत्रा एकटा असतानाचं मोबाइलवर शूटिंग करून आणायला सांगतो. कंटाळलेला कुत्रा दार बंद झाल्यावर आधी मस्त झोप काढतो, मग उठून चप्पल चावतो. घाबरलेला कुत्रा मात्र बहुतेक वेळा पहिल्या अर्ध्या तासातच कासावीस होतो. दारापाशी येरझाऱ्या, धापा, रडणं, फरशीवर लाळेचं थारोळं, चौकटीवर ओरखडे, कधी नख तुटून रक्त. समोर ठेवलेल्या चिकनलाही तो तोंड लावत नाही. हा खोडकरपणा नव्हे, त्याला मारून काही साधत नाही. उलट तुम्ही घरी येण्याचीही त्याला धास्ती बसते.

औषधाआधी तपासणी हवीच. कंबरेचं दुखणं, कानाचा संसर्ग, थायरॉइडचा बिघाड, आकडीचा आजार, म्हातारपणी मंदावलेला मेंदू, यातलं काहीही ‘वागणं बिघडलं’ म्हणून समोर येऊ शकतं. यकृत आणि मूत्रपिंडासाठी रक्ततपासणीही करून घ्या. आणि लस न दिलेला कुत्रा अचानक बदलला, लाळ गाळू लागला, चावू लागला, तर स्वभावाची चर्चा बाजूला ठेवा. आधी रेबीजची शंका धरा, त्याच्यापासून दूर राहा आणि लगेच पशुवैद्यकांना कळवा. कुणाला चावा किंवा ओरखडा लागला असेल, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि तडक दवाखाना गाठा.

आता औषधांकडे वळू. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने कुत्र्यांच्या एकटेपणाच्या भीतीसाठी क्लोमिप्रामिनला 1998 मध्ये आणि फ्लुओक्सेटिनला 2007 मध्ये मान्यता दिली. दोन्ही वेळा सोबत वर्तन सुधारण्याचं प्रशिक्षण गृहीत धरलेलं होतं, आणि ते योग्यच आहे. मेंदूतल्या सिरोटोनिनवर काम करणारी ही औषधं रोज द्यावी लागतात. परिणाम नीट दिसायला चार ते आठ आठवडे जातात. सुरुवातीला भूक मंदावते, कुत्रा सुस्तावतो, कधी उलटी होते. बऱ्याच जणांचा धीर याच काळात सुटतो आणि ‘गुण नाही’ म्हणून गोळी बंद होते. भूक फारच गेली किंवा कुत्रा जास्तच बेचैन झाला तर डॉक्टरांना फोन करा, परस्पर निर्णय घेऊ नका. आकडीचा इतिहास असेल तर तो आधीच सांगा.

गोचीड मारायचं औषधही आवर्जून सांगा. आपल्याकडे गोचिडांसाठी अमिट्राझ सर्रास वापरतात, ते अंघोळीच्या पाण्यात घालतात, काही पट्ट्यांतही असतं. या गोळ्यांसोबत ते घातक ठरू शकतं. वेदनेवरचं ट्रामाडॉल आणि म्हाताऱ्या कुत्र्यांना देतात ते सेलेजिलिन, यांनाही हाच इशारा लागू आहे. माणसांच्या काही पातळ औषधांत झायलिटॉल असतं, ते कुत्र्याला विषासारखं. डोस मी इथे मुद्दाम लिहीत नाही. तो वजनावर ठरतो आणि माणसाच्या हिशोबाने काढता येत नाही.

आणि खरी मेहनत घरातली. किल्ली उचला आणि परत सोफ्यावर बसा. चप्पल घाला, पण बाहेर जाऊ नका. मग दाराबाहेर काही सेकंद, कुत्रा शांत असेल तरच थोडे जास्त. तो घाबरायच्या आत परत येणं हीच यातली किमया, घाई केली की सगळं मागे जातं. तोवर शक्यतो त्याला एकटं ठेवू नका. शेजारच्या काकूंकडे सोडा, आळीपाळीने घरून काम करा, जमेल ते करा.

दिवाळीबद्दल दरवर्षी विचारणा होते. लक्ष्मीपूजनाच्या सकाळी फ्लुओक्सेटिन सुरू करून फटाक्यांची भीती जात नाही. त्या संध्याकाळसाठी वेगळी, लवकर काम करणारी औषधं आहेत. नुसतं गुंगीचं औषध मागू नका. एसेप्रोमाझिनने कुत्रा पडून राहतो, पण आतून तितकाच घाबरलेला असतो. रोजचं औषध लागणार असेल, तर गणपतीतच पशुवैद्यकांना भेटा.

गुण आला म्हणून गोळी एकदम थांबवू नका. वागणं काही महिने स्थिर राहिलं की डॉक्टर डोस हळूहळू उतरवतात. काही कुत्र्यांना ती कायम लागते, त्यात कमीपणा मानू नका. चावणाऱ्या कुत्र्याच्या बाबतीत मात्र केवळ गोळीवर विसंबू नका. घरात लहान मूल असेल तर दोघांना देखरेखीशिवाय एकत्र सोडू नका, आणि तोंडाला जाळी लावण्याची सवय आजपासूनच लावा.