घटाच्या आधी

जांब समर्थ, ता. घनसावंगी
श्रावण

चि. छकुलीस मावशीचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. घर आवरत नाही, आवरलं तर दोन दिवस टिकत नाही, म्हणून तू स्वतःला ‘गबाळी’ म्हणालीस. तो शब्द आधी टाकून दे. नोकरी, लेकरू आणि दोन खोल्यांचा संसार एकाच वेळी सांभाळणारी बाई गबाळी नसते, थकलेली असते.

मी या घरात आले त्या वर्षी घट बसायच्या आधी एका दिवसात सगळं घर अंगणात काढलं. दुपारी पाऊस आला. गोधड्या चिंब झाल्या आणि मी ओट्यावर बसून रडले. सासूबाई काहीच बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी फक्त उतरंड उतरवली, गाडगी पुसली, पुन्हा रचली. तिसऱ्या दिवशी एक देवळी झाडली. आठ दिवसांत घर लख्ख झालं आणि त्या एकदाही दमल्या नाहीत. मी आजही तसंच करते.

तूही एक खण घे. रात्री जेवणं झाली की दहा मिनिटं, तेवढंच. जुन्या घरांत प्रत्येक वस्तूला जागा असायची: पिशवीला खुंटी, दिव्याला देवळी, धान्याला बळद. तुझ्याकडे भिंतीत देवळ्या नाहीत, पण दाराशी किल्लीला एक खिळा तर ठोकता येईल! वस्तू हरवते ती बहुतेक तिला घर नसतं म्हणून. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करायला जाऊ नकोस. तिथेच चांगली सवय मोडते.

आपल्या गावात 1608 साली रामनवमीला समर्थांचा जन्म झाला. लहानपणी ते घरातल्या अडगळीच्या अंधाऱ्या खोलीत विचार करत बसले होते, ही कथा तू इथल्या मंदिरात ऐकली आहेस. मला मात्र दासबोधाचा एकोणिसावा दशक जास्त जवळचा वाटतो. त्याच्या पहिल्याच समासात ते बरू, कात्री, मेणकापड, पेट्या, कुलपं यांची काळजी सांगतात. एवढा मोठा माणूस, पण लिहायच्या सामानाकडेही किती मायेनं बघतो! तुझ्या मिसळणाच्या डब्याकडे तू तसंच बघावंस असं मला वाटतं.

लेकराची खेळणी त्यालाच टोपलीत टाकू दे, वेडीवाकडी पडली तरी चालतील. जावईबापूंनाही त्यांचा एक खण ठरवून दे आणि तो उघडून बघू नकोस.

माळ्यावरचं आईच्या साड्यांचं खोकं उघडवत नाही, असं तू शेवटी बारीक अक्षरात लिहिलंस. त्याला सध्या हात लावू नकोस. ती अडगळ नाही. मी सर्वपित्रीनंतर येते, आपण दोघी मिळून उघडू. त्यातल्या मऊ झालेल्या साड्यांची गोधडी शिवायची आहे, तेवढा दोरा आणि दोन दाभणं आणून ठेव.

तुझी,
मावशी